विलायतेचे पंतप्रधान, कर्नाळ्यावरून

(कर्नाळा येथील विद्यार्थी शिबिरात, वादविवाद स्पर्धेच्या बक्षीस समारंभात परीक्षक या नात्याने केलेले भाषण)

वाचकहो, हे भाषण केले तेव्हा माझ्या हातात गुणांचा तक्ता आणि पाठकोऱ्या कागदावर खरडलेल्या काही सनावळ्या, एवढेच होते. संपादक मंडळाने ते लिहून मागितले म्हणून आठवेल तसे उतरवून दिले आहे. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली. बाकीचा विस्कळीतपणा माझाच आहे, तो राहू दिला आहे. तेव्हा समोर मुले होती, आता आपण आहात, एवढाच फरक.

जनाब अध्यक्षसाहेब, संस्थेचे पदाधिकारी, शिक्षक बंधुभगिनींनो आणि विद्यार्थी मित्रहो,

निकाल ऐकण्यास आपण सर्व उत्सुक आहात हे मला दिसते आहे. मी खिशातला कागद दोनदा चाचपला, तेव्हा पहिल्या रांगेतल्या माना दोनदा वर झाल्या. परंतु निकाल मी थोडा लांबवणार आहे, त्याबद्दल क्षमा असावी. कारण आज मुलांबरोबर परीक्षकाचीही परीक्षा झाली आहे, आणि ती कोणी घेतली ते सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही.

विषय होता, 'ब्रिटनचा सर्वोत्तम पंतप्रधान कोण आणि सर्वांत वाईट कोण?' अभयारण्यात कर्णा लावण्यास मनाई असल्याने सर्व वक्त्यांना मोकळ्या आवाजात बोलावे लागले, आणि मला वाटते त्यामुळेच भाषणे चांगली झाली. एका विद्यार्थ्याने चर्चिल यांना सर्वोत्तम ठरवले. त्याच्या मागोमाग उठलेल्या मुलीने त्याच चर्चिल यांना सर्वांत वाईट ठरवले. दोघांचीही तयारी अशी की खोड काढायला जागा नव्हती. मी दोघांना सारखेच गुण दिले. अकरावीतल्या एकाने थेट अठराव्या शतकातून लॉर्ड नॉर्थ यांना पकडून आणले, कारण त्यांच्या कारकिर्दीत इंग्रजांच्या हातून अमेरिका गेली. एकाने २०२२ सालच्या लिझ ट्रस बाईंना उभे केले. त्यांचे पंतप्रधानपद सात आठवडे टिकले. त्या आधी जातात की लेट्यूसचा गड्डा आधी सडतो, अशी गंमत एका इंग्रजी वृत्तपत्राने मांडली होती आणि तीत गड्डा जिंकला, हे ऐकून आपण सारे हसलो. आणखी एकाने २००४ साली लीड्स विद्यापीठातर्फे झालेल्या पाहणीचा दाखला दिला. प्राध्यापकांनी विसाव्या शतकातील पंतप्रधानांचा क्रम लावला होता : पहिले ॲटली, दुसरे चर्चिल, तिसरे लॉइड जॉर्ज, चौथ्या थॅचर, आणि अगदी तळाला सुवेझच्या प्रकरणात पाय घसरलेले ईडन.

हे सर्व उत्तम झाले. मग प्रश्नोत्तरांच्या वेळी नववीतली एक मुलगी उठली. ती स्पर्धक नव्हती. मागे पाण्याच्या पिंपाजवळ बसली होती. तिने विचारले, "सर, हे चांगले आणि वाईट कुणाला? या आपल्या किल्ल्याला विचारले तर तो कुणाचे नाव घेईल?"

मुले हसली. मला हसू आले नाही. का आले नाही, ते सांगतो.

मी कॉलेजात होतो तेव्हा पेणच्या बाजूच्या आमच्या खेड्यातून पनवेलला एस.टी.ने ये-जा करीत असे. त्या वर्षी वक्तृत्वाचा करंडक मला मिळाला. 'माझा आवडता मुत्सद्दी' असा विषय होता, आणि मी निवडले होते डिझरायली, लॉर्ड बीकन्सफील्ड. त्यांनी १८७५ साली सार्वजनिक आरोग्याचा कायदा केला, कामगारांच्या घरांचा कायदा केला, मजूर संघांना मोकळीक दिली, सुवेझ कालव्याचे भाग विकत घेतले, हे सर्व मी घोकून गेलो होतो. टाळ्या पडल्या. परीक्षकांनी पाठ थोपटली. करंडक मांडीवर घेऊन मी संध्याकाळच्या गाडीने घरी निघालो आणि ती गाडी नेहमीप्रमाणे शिरढोणला थांबली. दोन माणसे उतरली, एक चढला, कंडक्टरने घंटी दिली. त्या थांब्याचा आणि माझ्या मांडीवरच्या करंडकाचा काही संबंध असेल, हे माझ्या स्वप्नातही आले नाही. ते कळायला मला पुढे पंधराएक वर्षे लागली.

म्हणून आज त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. किल्ल्याला बोलता येत नाही. त्याच्या वतीने बोलण्याचा आगाऊपणा मी करतो.

सकाळी आपण वर गेलो होतो. तो अंगठ्यासारखा सुळका आपण पाहिला, त्याच्या पोटातली पाण्याची टाकी पाहिली, मधमाश्यांची पोळी लांबूनच पाहिली. दरवाजाजवळ एक लेख मराठीत आहे आणि एक फारसीत, हेही आपल्याला दाखवले. बोरघाटातून उतरून पनवेलच्या खाडीकडे आणि आपट्याच्या नदीकडे जाणारी वाट या सुळक्याच्या नजरेत राहते. म्हणून तर निजामशाही, पोर्तुगीज, शिवाजी महाराज, मोगल, पेशवे असे एकामागून एक सर्वांना तो हवासा वाटला. शिवाजी महाराजांनी तो १६७० साली घेतला.

आता एक छोटीशी गंमत. 'पंतप्रधान' हा शब्द आपण आज विलायतेच्या माणसाला लावतो. पण पेशव्यांच्या शिक्क्यात 'मुख्य प्रधान' असेच शब्द असत. पेशवा हा फारसी शब्द, प्रधान हा संस्कृत, अर्थ एकच. म्हणजे १८१८ साली हा किल्ला एका मुख्य प्रधानाच्या हातून गेला आणि सात समुद्रांपलीकडच्या दुसऱ्या मुख्य प्रधानाच्या राज्यात जमा झाला. मधे कंपनी सरकार होते हे खरे. पण कंपनीवर लंडनच्या मंत्रिमंडळाचा लगाम १७८४ पासूनच होता.

त्याआधी अकरावीतल्या त्या विद्यार्थ्याच्या लॉर्ड नॉर्थबद्दल एक शब्द. अमेरिका गमावली म्हणून ते वाईट, असे तो म्हणाला. पण त्यांच्याच काळात, १७७८ च्या अखेरीस, राघोबादादांना घेऊन मुंबईकर इंग्रजांची फौज पनवेलला उतरली, इथूनच जवळून बोरघाट चढली, आणि १७७९ च्या जानेवारीत वडगावला मराठ्यांपुढे तिने हात टेकले. दोन वर्षांनी जनरल गॉडर्डलाही असाच घाट उतरून पनवेलकडे मागे यावे लागले. तेव्हा इंग्रजांच्या यादीतला सर्वांत वाईट पंतप्रधान किल्ल्याच्या यादीत बऱ्यापैकी वर असायला हरकत नाही! हा विनोद झाला. पण त्या मुलीचा प्रश्न किती बरोबर आहे, ते एवढ्यावरूनही दिसते.

कर्नाळा इंग्रजांनी घेतला तो १८१८ मध्ये, कर्नल प्रॉथरच्या फौजेने. तेव्हा लंडनला पंतप्रधान होते लॉर्ड लिव्हरपूल. आज एकाही वक्त्याने त्यांचे नाव घेतले नाही. घेण्यासारखे लोकांना काही वाटतही नाही. जवळजवळ पंधरा वर्षे सलग पंतप्रधान राहिलेला हा माणूस. नेपोलियनचा पाडाव याच्या कारकिर्दीत झाला आणि मराठ्यांचे राज्यही याच्याच कारकिर्दीत गेले. तरीही पुढे डिझरायलींनी आपल्या कादंबरीत सामान्यपणाचा मेरुमणी म्हणून त्यांची टिंगल केली. आमच्या दृष्टीने विचार करा : ज्या माणसाच्या राज्यात आपले सर्व किल्ले गेले, त्याला कर्नाळा हे नाव तरी ठाऊक असेल का? त्या काळी शिडाची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात. मुंबईचे पत्र लंडनला पोहोचायला चार-सहा महिने लागत. इथे किल्ला पडला, दरवाजावर पहारा बदलला, पाऊस येऊन टाकी भरली, तेव्हा कुठे ती बातमी तिकडे पोहोचली असेल. लिव्हरपूल यांना मी चांगले म्हणत नाही. पण त्यांना काही माहीत नव्हते, ही सवलत त्यांना द्यावी लागते.

आता शिरढोणकडे येतो.

या किल्ल्याचे शेवटचे किल्लेदार वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा होते, असे त्यांच्या चरित्रांत येते. किल्ला गेला, पण घराणे पायथ्याजवळच राहिले. त्या घरात ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंतांचा जन्म झाला. पुढे ते पुण्याला लष्कराच्या हिशेबी खात्यात कारकून झाले. आई आजारी असल्याचे कळले. रजा मिळाली नाही. रजेशिवाय घरी आले तेव्हा आई गेली होती. ही हकीकत आपल्या पाठ्यपुस्तकांत असते, तेव्हा लांबवत नाही. त्यानंतर आला १८७६ चा दुष्काळ.

इथे आपण थोडे थांबू, कारण माझा करंडक इथेच अडकला आहे.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खन, कर्नाटक आणि मद्रास इलाखा होरपळून निघाला. ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे गेली, असा अंदाज आहे. त्या वेळी लंडनला पंतप्रधान होते डिझरायली आणि त्यांनी निवडून पाठवलेले व्हाइसरॉय होते लॉर्ड लिटन. १८७६ साली डिझरायलींनी पार्लमेंटात कायदा करून राणीला सम्राज्ञीचा किताब दिला, आणि १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीला त्याचा दरबार भरला. राजेरजवाड्यांच्या पंगती उठत होत्या तेव्हा सोलापूर-विजापूरकडची माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती. त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल दुष्काळाच्या पाहणीला निघाले आणि खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी मजुरी कमी झाली : धान्य दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. दिवसभर दगड फोडणाऱ्या गड्याला! मजुरांनी काम सोडले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला कळवली. धान्याची निर्यात मात्र चालूच होती. आणि टेंपलसाहेब त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले.

आता पाहा. लिव्हरपूल यांना जी सवलत दिली ती इथे देता येते का? १८६९ मध्ये सुवेझ कालवा सुरू झाला होता. १८७० पासून समुद्राखालच्या तारेने मुंबई थेट लंडनला जोडली होती. ज्या बातमीला पूर्वी सहा महिने लागत ती आता काही तासांत पोहोचत होती. डिझरायलींना कळू शकत होते, कळतही होते. मजुरी कमी करण्याचा हुकूम त्यांच्या हातचा नव्हता हे मी न्यायबुद्धीने कबूल करतो. तो लिटन-टेंपल यांचा कारभार. परंतु ज्या गृहस्थाने लंडनच्या मजुराला हवेशीर खोली मिळावी म्हणून १८७५ साली कायदा केला, त्यालाच दोन वर्षांनी आपल्याच राज्यातल्या सोलापूरच्या मजुराचे पोट दिसू नये? मी करंडक घेताना ज्या कायद्यांचे गोडवे गायले ते खोटे नव्हते. ते खरे होते, आणि म्हणूनच मला अधिक लागते. चांगले सरकार कसे चालवावे हे त्यांना समजत होते. ते इथे चालवायचे नाही, एवढेच ठरले होते.

दुष्काळी मुलखात हिंडून वासुदेव बळवंतांनी ही माणसे पाहिली आणि रामोश्यांना घेऊन १८७९ साली बंड केले. त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांनी त्याच मे महिन्यात पळस्पे आणि चिखली येथे छापे घातले. पळस्पे म्हणजे जिथून आपली बस गोव्याच्या रस्त्याला वळली ते पळस्पे! परतीच्या वाटेवर मेजर डॅनियलच्या शिपायांनी दौलतरावांना गाठून मारले. वासुदेव बळवंत दक्षिणेकडे गेले. रोहिल्यांचा सरदार इस्माईलखान त्यांना पाचशे माणसे देणार होता. तेवढ्यात जुलै १८७९ मध्ये देवरनावडगी येथे ते पकडले गेले. पकडणाऱ्यांत मेजर डॅनियलबरोबर निजामाच्या पोलिसातले अब्दुल हक होते. म्हणजे साथ द्यायला निघालेला इस्माईलखान, आणि पकडून द्यायला आलेला अब्दुल हक. इतिहासात माणसे अशीच दोन्हीकडे उभी असतात. नावावरून हिशेब मांडायला जाल तर फसाल. पुण्याच्या खटल्यात सार्वजनिक काका, गणेश वासुदेव जोशी, यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. जन्मठेप झाली आणि १८८० च्या आरंभी त्यांना एडनला नेण्यात आले. एडन तेव्हा मुंबई इलाख्याखाली होते.

त्याच १८८० साली डिझरायलींचा पराभव करून ग्लॅडस्टन पंतप्रधान झाले. मी त्या जुन्या भाषणात यांना खलनायक केले होते. खरे तर त्यांनी पाठवलेल्या लॉर्ड रिपन यांनी देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या तोंडाला १८७८ मध्ये घातलेले कुलूप १८८२ मध्ये काढले, स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, शिक्षणासाठी हंटर कमिशन नेमले. महात्मा फुल्यांनी आपले निवेदन दिले ते याच कमिशनपुढे. हे सर्व ग्लॅडस्टन यांच्या पुण्याईत जमा करा. पण एडनच्या कैद्याचे दार त्यांच्या राज्यातही उघडले नाही. त्याने स्वतःच ते बिजागऱ्यांतून उखडले, पळाला, पुन्हा पकडला गेला, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच वारला. आजोबांनी गमावलेला किल्ला आणि नातवाचे तुरुंगातले मरण, यांच्या मधे विलायतेत किती पंतप्रधान बदलले ते मोजायला गेलो आणि मधेच सोडून दिले.

यापुढची काही नावे मी भरभर घेतो. लॉर्ड सॉल्झबरी पंतप्रधान असताना १८८८ साली एका सभेत म्हणाले की, इंग्लंडचे मतदार एखाद्या काळ्या माणसाला निवडून देतील असे वाटत नाही. रोख दादाभाई नौरोजींवर होता, एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेल्या आपल्या मुंबईच्या दादाभाईंवर. चार वर्षांनी, १८९२ मध्ये, लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीच्या मतदारांनी दादाभाईंना बोटांवर मोजता येतील एवढ्या मतांनी का होईना, पण निवडून दिले. पंतप्रधानापेक्षा मतदार शहाणा निघाला. त्यानंतर १३० वर्षांनी, २०२२ मध्ये, ज्यांचे आजी-आजोबा पंजाबातून गेले ते ऋषी सुनक त्याच देशाचे पंतप्रधान झाले. ते चांगले की वाईट हे ठरवणे तिथल्या लोकांचे काम.

लॉइड जॉर्ज त्या पाहणीत तिसरे आले. म्हाताऱ्यांना पेन्शन देणारा कायदा आणि विम्याचा कायदा त्यांच्या नावावर जमा आहे. इथल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी मात्र त्यांचे नाव निराळ्या कारणाने होते. १९२० साली मौलाना मुहंमद अली शिष्टमंडळ घेऊन लंडनला गेले, त्यांना भेटले, आणि रिकाम्या हातांनी परतले. तुर्कस्तानच्याच प्रकरणात १९२२ साली त्यांचे पंतप्रधानपद गेले ते पुन्हा मिळाले नाही. दरम्यान जालियनवाला बागही त्यांच्याच कारकिर्दीत झाली.

आता मघाशी सांगितलेल्या माहितीच्या मुद्द्याकडे परत येऊ. तुम्ही म्हणाल, ज्याला आपली माहिती असेल तो पंतप्रधान आपल्याशी बरा वागेल. मलाही बरीच वर्षे तसे वाटत होते. परंतु चिरनेरचे काय करायचे? या डोंगरापलीकडे उरण तालुक्यात चिरनेर आहे. १८७८ च्या जंगल कायद्यापासून (तोही डिझरायलींच्याच काळातला!) सरपणाची मोळी हा गुन्हा होऊन बसला होता. २५ सप्टेंबर १९३० रोजी आगरी, कातकरी, कोळी अशी हजारो माणसे कोयते घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रहाला गेली आणि गोळीबारात आठ सत्याग्रही ठार झाले. तेव्हा पंतप्रधान कोण होते? मजूर पक्षाचे रॅम्से मॅकडोनल्ड. ज्यांनी आधी दोनदा हिंदुस्थान पाहिला होता, हिंदुस्थानच्या जागृतीवर पुस्तक लिहिले होते, १९११ च्या काँग्रेसचे अध्यक्षपद ज्यांना देऊ केले होते, ते मॅकडोनल्ड! चिरनेरनंतर दीड-दोन महिन्यांत लंडनला त्यांच्याच अध्यक्षतेखाली गोलमेज परिषद भरली. डॉ. आंबेडकर तिथे आपल्या माणसांची कैफियत मांडत होते. चिरनेरचे लोक अटकेत होते. माहिती असणे पुरेसे नाही, हे मला चिरनेरने शिकवले.

चर्चिल यांनाही माहिती होती. तरुण अधिकारी म्हणून ते १८९६ साली मुंबईच्या ससून डॉकवर उतरले तेव्हा धक्क्याच्या पायऱ्यांवर त्यांचा खांदा निखळला, आणि ते दुखणे त्यांना जन्मभर पुरले. आज ज्या विद्यार्थ्याने त्यांना सर्वोत्तम म्हटले त्याचा मुद्दा मी पुन्हा सांगतो : १९४० साली हिटलरपुढे मान तुकवायची नाही हे त्यांनी ठरवले नसते तर जगाचे काय झाले असते? हा मुद्दा खोडता येत नाही, खोडू नये. आणि ज्या मुलीने त्यांना सर्वांत वाईट म्हटले तिचाही मुद्दा तसाच आहे : १९४३ साली बंगालमध्ये वीस-तीस लाख माणसे अन्नावाचून मेली आणि लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळाने धान्याची मागितलेली जहाजे पुरती दिली नाहीत. तिने बंगाल सांगितले. मी त्यात आपल्याकडचे एक नाव घालतो. सकाळी वरून माथेरानचा डोंगर दाखवला ना? तिथले भाई कोतवाल. विजेचे मनोरे पाडून मुंबईच्या गिरण्यांची वीज तोडणारा आझाद दस्ता त्यांचा. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी ते गेले.

राहिले ॲटली. इथून पेणकडे थोडे पुढे गेले की तारा गाव लागते. तिथे युसूफ मेहेरअली सेंटर आहे. आपल्यापैकी काही शाळांच्या सहली तिथे गेल्याही असतील. 'चले जाव'ची घोषणा सुचवणारे, १९४२ साली मुंबईचे महापौर झालेले युसूफ मेहेरअली हे तेच. पण मला त्यांची १९२८ ची गोष्ट सांगायची आहे. आपल्या राज्यकारभाराची चौकशी करायला सात जणांचे एक कमिशन आले, सातही गोरे. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी ते मुंबईला उतरले तेव्हा काळी निशाणे घेऊन 'सायमन, परत जा' म्हणणाऱ्या तरुणांच्या पुढे मेहेरअली होते. सायमन हे अध्यक्षाचे नाव. उरलेल्या सहांत मजूर पक्षाचा एक टकलू, अबोल, पाइप ओढणारा सभासद होता. त्याचे नाव क्लेमंट ॲटली.

म्हणजे पाहणीत पहिला आलेला हा माणूस ज्या कमिशनबरोबर आला, त्याचे स्वागत आपण काळ्या निशाणांनी केले होते. त्याने त्यावर राग धरला नाही. तो हिंडला, त्याने पाहिले, आणि हळूहळू त्याचे मत बदलत गेले. १९४५ साली पंतप्रधान झाल्यावर त्याने इंग्लंडात सर्वांना मोफत औषधपाण्याची योजना आणली, आणि २० फेब्रुवारी १९४७ रोजी पार्लमेंटात सांगून टाकले की जून १९४८ च्या आत आम्ही हिंदुस्थान सोडतो. चर्चिल विरोधी बाकांवर बसून विरोध करीत होते. ॲटलींचाही हिशेब चोख नाही. जून १९४८ चे ऑगस्ट १९४७ झाले. सरहद्दीची रेघ स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी जाहीर झाली. त्या घाईची किंमत लाखो माणसांनी घरदार आणि प्राण देऊन मोजली. हे मी विसरत नाही, आणि त्यांच्या गुणांतून ते वजा केल्याशिवाय पुढे जात नाही.

तरीसुद्धा, मुली, तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला द्यायचेच झाले तर किल्ल्याच्या वतीने चांगल्यात मी ॲटली यांचे नाव घेईन, कारण माहिती झाल्यावर मत बदलण्याची ताकद या सर्वांत मला त्यांच्याकडेच दिसते. वाईटात मी डिझरायली यांचे नाव घेईन, चर्चिल यांच्याही खाली. चर्चिल यांच्यापाशी निदान युद्धाची सबब होती. डिझरायलींच्या वेळी दरबाराच्या पंगती चालल्या होत्या. यात माझ्या करंडकाचा राग मिसळलेला आहे हे मी नाकारत नाही. माझे उत्तर चूक वाटले तर परतीच्या बसमध्ये माझ्याशी भांड. आणि त्या परीक्षकांवर माझा राग नाही. त्यांनी मला शिरढोणबद्दल विचारले नाही, मीही कुणाला विचारले नाही.

आता निकाल. गुणांत फेरफार करण्याचा मला अधिकार नाही, तेव्हा पहिला क्रमांक चर्चिल यांना सर्वोत्तम म्हणणारा विद्यार्थी आणि सर्वांत वाईट म्हणणारी विद्यार्थिनी यांना विभागून देत आहे. ढाल सहा-सहा महिने दोन्ही शाळांत राहील. आधी कुणाकडे, हे मुख्याध्यापकांनी नाणे उडवून ठरवावे. दुसरा क्रमांक लॉर्ड नॉर्थवाल्या विद्यार्थ्याला. लेट्यूसच्या गड्ड्याला उत्तेजनार्थ! प्रश्न विचारणाऱ्या मुलीचे नाव स्पर्धेच्या यादीत नाही, म्हणून नियमाने तिला काही देता येत नाही. अध्यक्षसाहेबांनी पुढच्या वर्षी प्रश्नकर्त्यांसाठी एखादे बक्षीस ठेवावे, एवढी विनंती मी करून ठेवतो.

उद्या सकाळी नाश्ता सातला आहे. बसच्या ड्रायव्हरसाहेबांशी मी बोललो आहे. पनवेलकडे जाताना गाडी अर्धा तास शिरढोणला थांबेल. वह्या-पेन्सिली हाताशी ठेवा, आणि पाण्याच्या बाटल्या रात्रीच भरून घ्या, सकाळी नळावर गर्दी होते.